पाकिटातल्या सात तपकिरी गोळ्या

गर्भनिरोधक गोळ्या शरीरातील जीवनसत्त्वे खाऊन टाकतात, अशी एक समजूत अलीकडे मोबाइलच्या पडद्यावरून उतरून विरार लोकलच्या महिलांच्या डब्यात, नालासोपाऱ्याच्या चाळींत आणि औषधाच्या दुकानांच्या फळीपाशी येऊन ठाण मांडून बसली आहे. आणि तीत सत्याचा काही अंश असल्यामुळेच ती एखाद्या साध्या अफवेपेक्षा अधिक काळजीने तपासून घेणे भाग आहे. निखळ असत्याचे निराकरण सोपे असते. जे अर्धे खरे असते, त्याच्या नादाने मात्र माणसे नको ते सोडून देतात आणि नको त्यावर पैसा घालतात: कोणी बाई पाकीट अर्धे असतानाच गोळी बंद करते आणि थोड्याच दिवसांत नको असलेल्या गरोदरपणाला सामोरी जाते, तर कोणी शक्तिवर्धक गोळ्यांची महागडी बाटली घरी नेते आणि तिची किंमत त्या महिन्याच्या भाजीतून, दुधातून, मासळीतून भरून काढते. माझे म्हणणे असे आहे, की गोळी पोषणद्रव्यांत फरक घडवते हे खरे. परंतु तो फरक लहान आहे, ज्या ताटावर तो पडतो ते ताट आधीच उणे आहे, आणि बाईच्या हाती गोळीचे पाकीट देणारी आपली आरोग्यव्यवस्था तिला त्या ताटाविषयी एकही प्रश्न विचारीत नाही, हा या मामल्यातील खरा दोष होय.

ही समजूत मुळात आली कोठून, हे पाहिले म्हणजे तिचे वजन ठरवता येते. अमेरिकेत 1960 साली पहिल्या गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली, तेव्हा तिच्यात इस्ट्रोजेनवर्गी द्रव्याची मात्रा 150 मायक्रोग्रॅम एवढी होती; आज आपल्याकडे सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या माला-एनमध्ये आणि दुकानात अल्प किमतीस मिळणाऱ्या माला-डीमध्ये इथिनिल इस्ट्राडायॉल अवघे 30 मायक्रोग्रॅम आणि त्याच्या जोडीला लेव्होनॉरजेस्ट्रेल 150 मायक्रोग्रॅम असते. पहिल्या गोळीतील इस्ट्रोजेन मेस्ट्रॅनॉल या निराळ्या प्रकारचे असल्यामुळे या दोन आकड्यांची तुलना काटेकोर होत नाही. तरी मात्रा पुष्कळच उतरली, यात शंका नाही. गोळीमुळे फोलेट, म्हणजे फॉलिक आम्लाच्या कुळातील जीवनसत्त्व, कमी होते, ब-6 कमी होते, रायबोफ्लेव्हिन कमी होते, क जीवनसत्त्व आणि जस्त उतरते, ही जी यादी आज समाजमाध्यमांवर फिरत असते, तिचा बराचसा आधार 1960 आणि 1970 या दशकांतील, म्हणजे त्या जड मात्रेच्या काळातील संशोधनात आहे. ते संशोधन खोटे नव्हते. परंतु ज्या औषधावर ते झाले ते औषध आज कोणी घेत नाही, ही गोष्ट यादी पुढे ढकलणाऱ्यांच्या ध्यानात राहिलेली नाही.

शिवाय त्या यादीत न येणाऱ्याही काही गोष्टी आहेत. गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तात अ जीवनसत्त्व वाढलेले आढळते, तांबे वाढलेले आढळते, आणि ड जीवनसत्त्वाचा आकडाही काहीसा चढलेला दिसतो. कारण इस्ट्रोजेन यकृतातून जाताना या द्रव्यांना रक्तातून वाहून नेणाऱ्या प्रथिनांचे उत्पादन वाढवते. ब-12 च्या बाबतीत उलट घडते: त्याला धरून ठेवणारे एक प्रथिन कमी होते आणि तपासणीच्या कागदावर आकडा उतरतो, पण पेशींना त्याची वाण पडलेली असतेच असे नाही. विरार स्थानकाच्या फलाटावर सकाळी उभ्या असलेल्या माणसांची गणती करून विरारची लोकसंख्या ठरवता येत नाही, तसे रक्तात त्या क्षणी वाहत असलेल्या द्रव्यावरून शरीरातील साठा नेहमीच ठरवता येत नाही. ब-6 ची कथा याहून बोधक आहे. त्याची उणीव ओळखण्यासाठी ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल पाजून लघवी तपासण्याची जी पद्धत त्या काळी रूढ होती, तिच्यावरच इस्ट्रोजेनचा थेट परिणाम होतो, आणि त्यामुळे जिथे उणीव बेताची होती तिथे ती मोठी भासली. पण म्हणून ती सगळीच भास होती असेही मानता येत नाही: 1973 साली लंडनच्या संशोधकांनी गोळी घेताना मन खिन्न झालेल्या स्त्रियांना ब-6 दिले, तेव्हा ज्यांच्यात त्याची उणीव खरोखर होती त्यांना बरे वाटले, आणि ज्यांच्यात ती नव्हती त्यांना त्याचा लाभ झाला नाही. उणीव असेल त्याला द्यावे, नसेल त्याला देऊ नये, हा वैद्यकाचा जुना शिरस्ता त्या एका प्रयोगाने पुन्हा सिद्ध केला.

हा प्रश्न पाश्चात्त्य देशांच्या भरल्या ताटापुरता असता, तर एवढा प्रपंच करण्याचे कारण नव्हते. आपल्याकडचे ताट निराळे आहे, आणि अभिमानाची गोष्ट ही, की या निराळ्या ताटाचा विचार आपल्याच देशातील संशोधकांनी फार पूर्वी केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. महताब बामजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतील स्त्रियांची गोळी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर तपासणी करून 1975 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अ जीवनसत्त्व वाढले, रायबोफ्लेव्हिन आणि ब-6 यांची स्थिती आणखी ढासळली, असे त्यांना दिसले. आणि त्या "आणखी" या शब्दात सर्व मर्म आहे, कारण ती स्थिती गोळी घेण्यापूर्वीच वाईट होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने हैदराबाद, आपली मुंबई आणि थायलंडमधील चिआंग माई या ठिकाणच्या अल्पपोषित स्त्रियांवर संयुक्त अभ्यास झाला आणि 1986 साली तो प्रसिद्ध झाला. त्यात गोळी आणि इंजेक्शन यांच्या जोडीने हार्मोनखेरीजची इतर कारणेही कसोटीस लावली गेली, आणि कमी मात्रेच्या साधनांनी जीवनसत्त्वांची मोठी घसरण घडवल्याचे दिसून आले नाही. मुंबई ते वसई हे अंतर लोकलने तासाभराचे. पण या निष्कर्षाला मुंबईहून वसईच्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला चार दशके पुरली नाहीत.

लोहाची गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण आपल्या स्त्रियांच्या बाबतीत खरा जमाखर्च लोहाचाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षे वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या; त्यापूर्वीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. म्हणजे ज्या काळात रस्ते झाले, उड्डाणपूल झाले, घरोघरी मोबाइल आले, त्या काळात आपल्या बायकांचे रक्त मात्र घटत गेले. आता हिशेब पाहा. साधारण पाळीत स्त्रीच्या अंगावरून जे रक्त जाते, त्यातून महिन्याला सुमारे 15 मिलिग्रॅम लोह जाते. ज्यांचे अंगावर अधिक जाते, त्यांचे नुकसान याहून कितीतरी जास्त. एका गरोदरपणात आणि बाळंतपणात मिळून स्त्रीच्या शरीरावर सुमारे 1,000 मिलिग्रॅम लोहाचा बोजा पडतो. गोळी घेतल्याने पाळीतला रक्तस्राव पुष्कळ कमी होतो, आणि नको असलेले गरोदरपण टळते. तेव्हा जी गोळी पोषणद्रव्ये पळवते अशी तिची बदनामी झाली आहे, तीच गोळी रक्तक्षयी स्त्रीच्या शरीरातील सर्वांत दुर्मीळ द्रव्याची राखण करते. ही बाजू मांडल्याविना गोळी आणि पोषण या विषयावर बोलणे मी अप्रामाणिकपणाचे समजतो.

आता त्या पाकिटाकडेच नीट पाहू. माला-एन असो वा माला-डी, पाकिटात 28 गोळ्या असतात: 21 पांढऱ्या आणि शेवटच्या ओळीत सात तपकिरी. पांढऱ्या गोळ्यांत हार्मोन असते. तपकिरी गोळीत फेरस फ्यूमरेट 60 मिलिग्रॅम, म्हणजे शुद्ध लोहाच्या हिशेबाने सुमारे 20 मिलिग्रॅम असते. सात गोळ्यांचे मिळून सुमारे 140 मिलिग्रॅम लोह झाले. त्यातला दहावा हिस्सा अंगी लागला असे धरले तरी 14 मिलिग्रॅम होतात, म्हणजे एका पाळीत जाणाऱ्या लोहाची जवळजवळ पूर्ण भरपाई. ज्याने कोणी हे पाकीट अशा रीतीने रचले, त्याला आपल्या देशातील स्त्रीच्या शरीराची जाण होती.

आणि या सात गोळ्यांचे होते काय? नालासोपारा पूर्वेला एका चाळीच्या ओट्यावर आशा कार्यकर्ती, म्हणजे सर्वांच्या आशाताई, पाकिटे वाटत असताना मी शेजारी उभा होतो. पंचविशीतली एक बाई, कडेवर मूल, हातात जुने पाकीट घेऊन आली; पांढऱ्या गोळ्यांची सगळी घरे रिकामी होती आणि तपकिरी सातही जागच्या जागी. आशाताईंनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, त्या शेवटच्या गोळ्या मी खातच नाही. त्या दिवसांत पाळी येते, मग गोळी कशाला खायची? आणि त्यांनी पोटात जळजळतं, संडासला काळं होतं." आशाताईंनी मान डोलावली, नवे पाकीट दिले, वहीत खूण केली आणि त्या पुढच्या घराकडे वळल्या. दोघींपैकी कोणाचाही दोष मी काढणार नाही. त्या तपकिरी गोळ्या कशाच्या आहेत हे त्या बाईला कोणीही सांगितलेले नव्हते. लोहाने शौचाचा रंग काळा होतो आणि त्यात भिण्यासारखे काही नाही, जेवणानंतर गोळी घेतली तर जळजळ कमी होते, एवढी दोन वाक्ये तिच्या वाट्याला आली नाहीत. आशाताईंच्या वहीत पाकिटांच्या संख्येसाठी रकाना होता. या दोन वाक्यांसाठी नव्हता. तपकिरी गोळ्या टाकून देण्यात आणखीही एक धोका आहे. त्या सात दिवसांची मोजणी चुकते, नवे पाकीट एक-दोन दिवस उशिराने सुरू होते, आणि गोळी निष्फळ ठरण्याची सर्वांत मोठी भीती नेमकी त्या लांबलेल्या खंडात असते.

2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत गर्भनिरोधक साधने घरपोच देण्याची योजना देशात अमलात आली, आणि माला-एनचे पाकीट एका रुपयात दारी मिळू लागले. पुढे 2018 साली ॲनिमिया मुक्त भारत ही मोहीम सुरू झाली. तिच्या तजविजीप्रमाणे 20 ते 49 वर्षे वयाच्या, गरोदर नसलेल्या आणि अंगावर न पाजणाऱ्या प्रत्येक स्त्रीला आठवड्यातून एकदा 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली लाल गोळी मिळायला हवी. दोन्ही योजना कागदावर निर्दोष आहेत. पहिलीचा हिशेब कुटुंबनियोजनाच्या खात्यात, दुसरीचा रक्तक्षयाच्या. दोन्हींचे तक्ते स्वतंत्र, दोन्हींची उद्दिष्टे स्वतंत्र, दोन्हींचा अहवाल स्वतंत्र. पण दार एकच, आशाताई एकच आणि बाईही एकच. जिच्या हाती गोळीचे पाकीट पडते, तिच्याच हाती लाल गोळी का पडू नये, तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन का पाहू नये, याला दफ्तरांच्या वेगळेपणाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही. फोलेटची जी लहानशी उणीव गोळीमुळे संभवते म्हणतात, ती त्या लाल गोळीने सहज भरून निघेल. आणि हा उपाय शोधून काढावा लागत नाही, तो सरकारच्या भांडारात आधीच आहे.

फोलेटचा विचार अधिक जपून करावा लागतो तो गोळी सोडताना. पाळणा लांबवण्यासाठी दोन-चार वर्षे गोळी घेतलेली स्त्री मूल हवे म्हणून ती बंद करते, तेव्हा पुढच्याच महिन्यात तिला दिवस जाऊ शकतात. आणि गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची मूळ नलिका गर्भधारणेपासून 28 दिवसांच्या आत मिटून पुरी होते, म्हणजे पाळी चुकली की काय या शंकेत घरातली माणसे असतात त्या सुमारास. त्या चार आठवड्यांत फोलेट कमी पडले, तर नलिका उघडी राहून बालक जन्मभराचे पंगुत्व घेऊन येण्याचा किंवा जगूच न शकण्याचा धोका वाढतो. म्हणून गरोदरपणाचा विचार ठरल्यापासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत दररोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, असे सरकारी मार्गदर्शनही सांगते. परंतु आपल्याकडे फॉलिक आम्लाची पहिली गोळी बहुधा नावनोंदणीच्या दिवशी मिळते, आणि तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. हा सल्ला देण्याची योग्य वेळ गोळीचे शेवटचे पाकीट देण्याची होय. कुटुंबनियोजनाच्या वहीने जर बाईला विचारले, "पुढचे मूल कधी?", तर तिच्या उत्तराने दोन जीवांचे कल्याण होईल.

पैसा ज्या दिशेने वाहतो आहे ती दिशा मात्र दुसरीच आहे. गोळी घेता ना, मग ही बाटलीही घ्या, असे सांगणारे विक्रेते शहरात वाढले आहेत आणि समाजमाध्यमांवर तर त्यांची रीघ लागली आहे. बहुतेक बाटल्यांत निरुपद्रवी, थोड्याफार उपयोगाचे जिन्नस असतात. पण काहींत ब-6 इतक्या मोठ्या मात्रेत असते की ते महिनोन् महिने घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. अ जीवनसत्त्व तर गोळीने आधीच वाढलेले असते. त्यात आणखी भर घालून लगोलग गरोदर राहणे गर्भाला घातक ठरू शकते. एरवी सुदृढ असलेल्या, दोन वेळा पोटभर आणि विविध प्रकारचे जेवणाऱ्या स्त्रीला गोळी घेते एवढ्या कारणास्तव अशा बाटलीची गरज नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. मॅग्नेशियम आणि जस्त यांच्याविषयी पुरावा एकमुखी नाही. काही अभ्यासांत घट दिसली, काहींत दिसली नाही, आणि अशा संशयावर गरीब बाईने महिन्याचा किराणा उधळावा असे सांगणारा तिचा हितचिंतक नव्हे.

वसईपुरते बोलायचे तर या विषयात मला विशेष खंत वाटते, कारण ज्या ज्या द्रव्यांचे नाव या यादीत आहे, ते ते या भूमीत पिकते किंवा या किनाऱ्याला लागते. ब-6 केळ्यात असते आणि वसईची केळी एके काळी मुंबईकरांच्या तोंडी होती. प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे दोन मिलिग्रॅम ब-6 लागते आणि मध्यम आकाराच्या एका केळ्यातून त्याचा पाचवा-सहावा हिस्सा मिळतो. राजेळी केळ्यांची सुकेळी करण्याची आगाशीकडची रीत अजून काही घरांत टिकून आहे. फोलेट पालेभाज्यांत असते, आणि पालक, माठ, चवळी, मुळा यांच्या जुड्या बांधून पहाटेच्या गाडीने दादर गाठणाऱ्या बायका याच वाड्यांतल्या. ब-12 मासळीत असते. अर्नाळ्याच्या आणि पाचूबंदरच्या वाळवणावरचे बोंबील, जवळा, सुकट, मांदेली ही गरिबाची मासळी त्यात ताज्या महाग मासळीला हार जात नाही. जस्ताचा कालवांइतका संपन्न साठा दुसऱ्या खाद्यात क्वचितच सापडेल, आणि खाडीच्या खडकांवरची कालवे फोडणाऱ्या बायका या किनाऱ्यावर अजून दिसतात.

पण वाडी आणि ताट यांच्यामध्ये आता बाजार उभा राहिला आहे. वाड्यांची जागा इमारतींनी घेतली. जी भाजी उरली ती चांगला भाव देणाऱ्या मुंबईला जाते. आणि नालासोपाऱ्याच्या खोलीत राहून गोरेगाव-अंधेरीला कामाला जाणारी बाई पहाटे चहा-बिस्किटावर निघते, दुपारी डब्यातली चपाती आणि बटाट्याची भाजी खाते, रात्री सर्वांचे झाल्यावर भांड्यात जे राहिले असेल ते घेते. पालेभाजी निवडायला वेळ लागतो आणि तो तिच्यापाशी नाही. केली तरी ती खूप शिजवून पाणी ओतून दिले जाते, आणि फोलेटचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने अन्नातल्या लोहाचे शोषण घटते. तेच लिंबाच्या फोडीने किंवा आवळ्याने वाढते. ही माहिती कोणा संशोधकाच्या कपाटात बंद नाही, पण ती बाईच्या चुलीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे ती कोणीच पार पाडीत नाही. जव्हार-मोखाड्याहून वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर येणाऱ्या आदिवासी बायकांची स्थिती तर याहूनही बिकट. त्यांचे ना इथे रजिस्टर, ना तिथे.

गोळी घेणाऱ्या स्त्रियांची संख्या तशी थोडी. देशभरात विवाहित स्त्रियांपैकी 5.1 टक्के गोळीवर विसंबतात आणि 37.9 टक्के स्त्रियांचे ऑपरेशन झालेले असते. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण 0.3 टक्के, आणि या एका आकड्यावर स्वतंत्र लेख लिहिता येईल. तेव्हा केवळ गोळीचा विचार करून भागणार नाही. तांबी बसवल्यावर काही स्त्रियांच्या अंगावर अधिक जाऊ लागते आणि लोहाची गळती वाढते. रक्तक्षयी बाईला तांबी बसवताना तिचे हिमोग्लोबिन पाहिले जाते का, हा प्रश्न गोळीच्या प्रश्नापेक्षा तातडीचा आहे. तीन महिन्यांनी घ्यायच्या अंतरा इंजेक्शनाने हाडांची घनता काहीशी उतरते आणि ते बंद केल्यावर बहुतांशी भरून येते. तेव्हा त्या बाईच्या आहारात नाचणी, दूध, काट्यासकट खायची सुकी मासळी आहे की नाही, हे विचारायला हवे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेली, आता छाया या नावाने मिळणारी आठवडी गोळी हार्मोनरहित आहे. ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांना तिचा पर्याय सांगितला पाहिजे. आणि वसईच्या ज्या ख्रिस्ती घरांत धर्मश्रद्धेमुळे, 1968 सालच्या पोप सहावे पॉल यांच्या परिपत्रकाला अनुसरून, यांपैकी कोणतेही साधन वापरले जात नाही, त्या घरांतल्या बाईलाही पाळी येते, बाळंतपण येते आणि रक्त कमी पडते; ताटाचा प्रश्न तिलाही तितकाच लागू आहे.

र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून मृत्यूपर्यंत, 1953 पर्यंत, समाजस्वास्थ्य मासिक एकहाती चालवले. त्यापायी त्यांनी प्राध्यापकी गमावली आणि खटले सोसले. गोळी बाजारात येण्यापूर्वी सात वर्षे ते गेले. त्यांच्या सगळ्या लेखनात एक आग्रह सतत दिसतो: साधन द्यायचे तर त्याचे गुण, दोष आणि वापरण्याची रीत यांसह द्यायचे, कारण स्त्री ही समजून घेऊन निर्णय करण्यास समर्थ आहे. त्या महाराष्ट्रात आज पाकीट एका रुपयाला मिळते आणि त्यासोबतची माहिती मिळत नाही, ही स्थिती मला अत्यंत लज्जास्पद वाटते.

वसई-विरार महापालिकेने यासाठी नवी योजना आखण्याची किंवा राज्य शासनाकडे निधीचा तगादा लावण्याची आवश्यकता नाही. कुटुंबनियोजनाच्या विद्यमान वहीत तीन रकाने वाढवावेत: शेवटचे हिमोग्लोबिन किती व कोणत्या तारखेचे, लाल गोळी दिली की नाही, आणि पुढचे मूल कधी हवे. हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर त्या बाईला नुसते पाकीट देऊन न परतवता केंद्रावरच्या डॉक्टरांकडे पाठवावे, आणि तिची गोळी मात्र बंद करू नये. पाकीट देताना तपकिरी गोळ्यांची ओळ बोटाने दाखवून त्या लोहाच्या आहेत हे मराठीत, हिंदीत, भोजपुरीत, जी भाषा त्या दारात चालत असेल तीत, आशाताईंनी सांगावे. आणि या बोलण्यासाठी लागणारा वेळ त्यांच्या मोबदल्यात धरावा, कारण आज त्यांना पैसे मिळतात ते दिलेल्या पाकिटाचे, समजावून सांगितलेल्या गोष्टीचे नाहीत. सर्वसाधारण सभेत एवढा एक ठराव मांडायला कोणत्याही प्रभागाचा कोणताही नगरसेवक पुरेसा आहे.